मुंबईकराला जंगल नकोय, हे ठरवलं कोणी?

गेली काही वर्षं ग्रुपाग्रुपांत एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: बोरिवलीचं नॅशनल पार्क (संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा मूठभर श्रीमंतांचा शौक आहे, सामान्य मुंबईकर तिथे फिरकत नाही, त्याला घर हवंय, झाडं नकोत. शंभरहून जास्त चौरस किलोमीटर जागा बिबळ्यांना आंदण दिली आहे, ती मोकळी करा, घरांचा प्रश्न सुटेल. माझ्या ओळखीतली शहाणी माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

श्रीमंतांचा शौक? रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला बोरिवली पूर्वेच्या गेटसमोर उभे राहा. विरार-नालासोपाऱ्याहून लोकलने आलेली कुटुंबं स्टेशनपासून चालत येतात. एकाच्या हातात पाण्याचा कॅन, दुसरीकडे चादर आणि पुरी-भाजीचे डबे, कडेवर पोर. सगळ्या घराचं तिकीट काढायचं म्हणजे त्यांना ते काही स्वस्त पडत नाही. तरी काढतात, कारण सगळ्या घराने मिळून दिवसभर मोकळं बसावं अशी जागा या शहरात फार उरलेली नाही. महाशिवरात्रीला पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर जी रांग लागते, तीही बंगलेवाल्यांची नसते. आणि श्रीमंतांचं म्हणाल, तर त्यांना जंगल बघायला ताडोबा आहे, केनिया आहे. ज्याला बाहेरगावी जाणं परवडत नाही, त्याचं जंगल हेच.

दुसरा मुद्दा, गेटवरची डोकी मोजा म्हणजे किंमत कळेल. हे मोजमापच चुकीचं आहे. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री पार्काला लागून असलेल्या आरेत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा बातमी कळताच मुलं-मुली रात्रीच तिकडे धावली. जमावबंदी लागली, अटका झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. त्या गर्दीतले किती जण रोज आरेत फिरायला जात होते? फारच थोडे असतील. स्वतः जात नसलो तरी ते तिथे असावं, असं वाटणं हीसुद्धा किंमतच आहे. बाजारालाही ती कळते. बिल्डर जाहिरातीत ‘नॅशनल पार्क व्ह्यू’ लिहून त्या बाजूच्या फ्लॅटचे जास्त पैसे घेतात, आणि घेणारे ते देतात.

पाण्याबद्दल जपून बोलायला हवं, कारण आपल्या बाजूचे लोकही इथे वाढवून सांगतात. विहार 1860 च्या सुमाराचा, तुळशी 1879 चा. दोन्ही तलाव जंगलाच्या पोटात आहेत, पण आज शहराच्या पाण्यातला त्यांचा वाटा अगदी लहान आहे. मोठं पाणी भातसा आणि वैतरणेकडून येतं. जंगलाचं खरं काम पावसाळ्यात दिसतं. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या याच डोंगरांतून निघतात, मिठी विहार-पवईच्या सांडव्यांतून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नद्यांच्या काठचे लोक कसे बुडाले ते आपण पाहिलं. या उतारांवरची माती आणि कारवीची झुडपं काढून तिथे काँक्रीट ओतलं, तर तेच पाणी आणखी वेगाने त्याच वस्त्यांत उतरेल.

घरांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो गरिबाच्या नावाने मांडला जातो. 2011 च्या जनगणनेत मुंबईत काही लाख घरं रिकामी सापडली होती. घरं आहेत, घेणाऱ्याच्या ऐपतीतली नाहीत. जंगलाकाठी आजवर उभे राहिलेले टॉवर कोणासाठी आहेत ते बघा, आणि आत बांधलं तर तिथे कोण राहायला जाईल याचा अंदाज करा.

राहिला बिबळ्या. 2004 च्या आसपास हल्ले फार वाढले होते, लोक मेले, ती भीती खरी होती. पुढे वनखात्याने संशोधक आणि नागरिकांना सोबत घेऊन कामाची दिशा बदलली. उठसूट पिंजरे लावणं कमी केलं, वस्तीजवळचा कचरा आणि त्यावर जगणारी कुत्री यांच्याकडे लक्ष दिलं. 2018 च्या कॅमेरा-मोजणीत 47 बिबळे सापडले. एवढे बिबळे इतक्या माणसांशेजारी राहतात आणि हल्ले मोजके होतात, यात जंगलातल्या आदिवासी पाड्यांवरच्या लोकांचा वाटा मोठा आहे. वाघोबाला पुजणारी वारली माणसं अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडत नाहीत, बिबळ्या दिसला तर वाट देतात. तरीही 2022 मध्ये आरेत बिबळ्याच्या हल्ल्यात एक लहान मूल गेलं. अशा घरासमोर सहजीवनाचं भाषण करू नये.

त्या मजकुरातलं एक वाक्य मात्र मला खोडता येत नाही: जंगल वाचवल्याचा भार गरिबावर पडला. उच्च न्यायालयाच्या 1997 च्या आदेशानंतर पार्कातल्या हजारो झोपड्या तुटल्या. त्यांच्या बदल्यात चांदिवलीला द्यायची घरं सगळ्यांना मिळाली नाहीत. पहाटे पास दाखवून फिरायला जाणाऱ्याला जंगल जपायचं असेल, तर त्याने या माणसांची घरं पक्की करून मागावीत. पाड्यांवर नळ, रस्त्यावर दिवा आणि घराजवळ शौचालय मागावं, म्हणजे रात्री कोणाला झुडपात जावं लागणार नाही. जंगल विकून यातली एकही गोष्ट पाड्यावर पोचणार नाही. पाडाच उठेल.