पिल्लू विकत, जबाबदारी फुकट

जोडधंदा म्हणून कुत्र्याची पिल्लं विकायचा विचार आहे? उत्तम. भांडवल फारसं नाही. एक मादी, एक मोबाईल आणि गेंड्याची कातडी. फोटो टाका, खाली लिहा, 'हेवी बोन, शो क्वालिटी, मेल-फिमेल दोन्ही आहेत'. कातडी पुढे लागेल, जपून ठेवा.

पिल्लू पस्तिसाव्या दिवशी विकून मोकळे व्हा. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांत आठ आठवडे थांबा म्हटलंय. वर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, मायक्रोचिप, लस, पशुवैद्यकाचा दाखला. हे लिहिणाऱ्यांनी सहा पिल्लांना आठ आठवडे खाऊ घालून बघावं! शिवाय आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागते. तेव्हा पिल्लू दुसऱ्याच्या घरी असलेलं बरं. कायद्याची भीती वाटत असेल तर मूळ प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं साल बघा: १९६०. क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात गळ्यातला पट्टाही येत नाही.

लस मात्र 'दिलेली' हवी. मेडिकलमधून कुपी आणा, फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी ठेवा, दिवसभर लाईट गेली तरी मनाला लावून घेऊ नका. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते, हे कुपीवर बारीक अक्षरात असतं आणि बारीक अक्षरं वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. कुपीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवा. डॉक्टरच्या सहीच्या जागी अशी एक रेघ ओढा, की खुद्द डॉक्टरांनाही ती आपलीच वाटावी. नोंदणी क्रमांकाची जागा कोरी सोडा. गिऱ्हाईक पिल्लाच्या डोळ्यांत बघत असतं, कार्डाकडे नाही.

घरी कुणाला बोलवू नका. टोल नाक्यापाशी किंवा पेट्रोल पंपावर भेटा, पिल्लू खोक्यात आणा. 'याची आई दाखवा ना' असं कुणी म्हणालंच, तर आई गावाकडच्या फार्मवर आहे. पैसे रोख घ्या. यूपीआयचा पुरावा राहतो आणि पुरावा म्हणजे धंद्याला लागलेली वाळवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गॅरंटी. ती द्याच, छातीठोकपणे द्या, पण २४ तासांची. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार; त्याचा विषाणू शरीरात शिरल्यापासून उलट्या सुरू व्हायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी पंधरवडाही. म्हणजे तुमच्याकडे शेवटच्या दिवशी लागण झालेलं पिल्लू तुमच्या गॅरंटीत सहसा आजारी पडत नाही. विमा कंपन्यांनाही असं कलम सुचलेलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या रात्री फोन येईल. पिल्लू खात नाही, पिवळा फेस ओकतंय, संडासातून रक्त जातंय, घरभर विचित्र वास सुटलाय. इथे कातडी काढा. पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा: 'काय खायला घातलंत?' उत्तर ठरलेलं असतं, दूध-पोळी. मराठी घरात आलेल्या कुठल्याही जिवाला आधी दूध-पोळीच मिळते. मग एक दीर्घ उसासा टाका. 'दूध दिलंत? अरेरे.' एवढ्यावर निम्मी माणसं स्वतःलाच दोष देत फोन ठेवतात. उरलेल्यांना ताक-भात सुचवा, म्हणजे दवाखान्यात जायला आणखी एक दिवस लागेल आणि तेवढ्यात बहुतेक प्रश्न आपोआप सुटेल.

क्वचित एखादा डॉक्टर किटवर तपासणी करतो, दोन रेघा उमटतात, म्हणजे पार्व्हो पक्का, सलाईन लागतं आणि गिऱ्हाईक बिलाचा फोटो पाठवतं. 'माझ्याकडची बाकीची पाचही एकदम मस्त आहेत' हे वाक्य तयार ठेवा. ती पाच कुठे आहेत, हे तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? काही भोळे ब्रीडर अशा वेळी त्याच वेतातल्या इतर पिल्लांच्या मालकांना फोन करून सावध करतात, उपचाराचा खर्च उचलतात, नवी विक्री थांबवून जागा ब्लीचने धुऊन काढतात. असल्यांची पिल्लं महाग असतात आणि वर हे लोक गिऱ्हाइकाचीच मुलाखत घेतात. यांच्या नादी लागू नका.

ग्राहक आयोगाचं नाव काढणारा भेटला तर मात्र थोडं सांभाळून. कायद्याच्या लेखी पिल्लू म्हणजे मालच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आणि तुम्ही हौसेने लिहिलेलं 'फुल्ली व्हॅक्सिनेटेड' त्याच्या मोबाईलमध्ये जपून ठेवलेलं असतं. याच्याशी वाद नको. मोठ्या मनाने दुसरं पिल्लू फुकट द्या, लगेच, उद्याच. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, हे त्याला सांगायची घाई करू नका. दुसरंही गेलं, तर आवाज खाली आणून घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते विचारा आणि ओळखीच्या वास्तुतज्ज्ञाचा नंबर द्या. तो तुमचं कमिशन ठेवतो.