काका, 'हो ना' तेवीस वेळा आलं, मोजलं मी

काका, नमस्कार.

उत्तराला आठवडा लागला. प्रतिक्रिया वाचली तेव्हा आधी राग आला. मग दुकानात सातबाऱ्याच्या झेरॉक्सला गर्दी झाली आणि राग तिथेच राहून गेला. बरंच झालं. त्या दिवशी लिहिलं असतं तर काहीतरी वेडंवाकडं लिहून बसले असते.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मागच्या लेखासोबत मी आमच्या सामुदायिक रेडिओवरच्या, म्हणजे गावच्याच लोकांनी चालवलेल्या छोट्या केंद्रावरच्या, माझ्या कार्यक्रमाचा तुकडा लावला होता. तो ऐकून तुम्ही लिहिलंत की, हौस म्हणजे निवेदन नव्हे. बाई अडखळतात, पाहुण्याला बोलू देत नाहीत, भाषा अशुद्ध आहे, गावची बातमी एक नाही आणि एकच भजन दिवसातून दोनदा. तुम्ही स्वतः पंचवीस वर्षं आकाशवाणीवर निवेदक होतात, म्हणून हे उडवून लावता येत नाही.

पाहुण्याला बोलू देत नाही, हे शंभर टक्के खरं. नियमाप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आम्हाला तीन महिने जपून ठेवावं लागतं. त्यामुळे तो अख्खा कार्यक्रम काढून पुन्हा ऐकला. आठ मिनिटांत 'हो ना' तेवीस वेळा! पूर्वी घरी बियाणं कसं राखायचे ते आजोबा सांगत होते. राख, कडुनिंबाचा पाला, मडकं इथपर्यंत आले आणि मडक्याचं तोंड कशानं लिंपायचे त्यावर अडले. आठवत होते बिचारे. मला ती शांतता सोसवली नाही आणि मी पुढचा प्रश्न टाकला. ते लिंपणाचं राहिलं ते राहिलंच. आता माइकसमोर कागद चिकटवलाय, 'मान हलव, तोंड नको'. दोनदा विसरले, पण पूर्वीपेक्षा बरं चाललंय.

अडखळण्याचंही मान्य. तयारी कमी पडते. सकाळी दुकान, दुपारी केंद्र, मध्ये स्वयंपाक, हे कारण ऐकणाऱ्याला सांगून उपयोग नाही. हल्ली कार्यक्रमाचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य लिहून नेते, मधलं मोकळं ठेवते. सगळं लिहून नेलं की माझा आवाज शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा होतो.

भाषेवर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

सुरुवातीचे पाच-सहा महिने मी तुमच्याच आवाजात बोलत होते. म्हणजे लहानपणी ऐकलेल्या आकाशवाणीच्या. 'ण' आणि 'ळ' असे काही उच्चारायची की विचारू नका. सासूबाईंनी एकदा रेडिओ लावून विचारलं, "हे कोन बाई बोलून राहिली वो?" घरातली सून ओळखू आली नाही.

पण तो विनोद झाला. डोळे उघडले ते कपाशीच्या माहितीनं. गुलाबी बोंडअळीवरचं पत्रक मी जसंच्या तसं वाचलं, एकदाही न अडखळता: "कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसान पातळी ओलांडली असे समजावे." (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा.) तुम्ही ऐकलं असतंत तर शाबासकी दिली असती. संध्याकाळी एका बाईंचा फोन आला, "पातळी म्हंजे? पान्याची काय?" त्यांचं काय चुकलं? पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा सांगितलं, आमच्या बोलीत. एका सापळ्यात रातच्याला आठ पाखरं, असे लागोपाठ तीन रात्री सापडले, त फवारनीचं पाहा लागते. त्याच्या आधी नाही. डोमकळी दिसली त तोडा आन् नष्ट करा. (डोमकळी म्हणजे अळी शिरल्यानं न उमलता मिटून राहिलेलं फूल.) यातही दोनदा अडखळले. पण या वेळी फोन आला तो पुढच्या प्रश्नाचा, सापळा कितीक उंच बांधू. पिकाच्या शेंड्यावर एखादा फूट, असं सांगितलं.

ही बारीकसारीक गोष्ट नाही, काका. २०१७ च्या हंगामात इकडे बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. कधी फवारायचं आणि कधी नाही, हे ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला कळायलाच हवं. त्यासाठी मी 'पऱ्हाटी' म्हणणार आणि अळीला 'अयी' म्हणणार. मात्र त्याच श्वासात 'पऱ्हाटी म्हणजे कपाशी' असं सांगून आपलं शिक्षण दाखवायची खोड मला आहे, ती तुम्ही पकडलीत ते बरोबर.

नियमाची ढाल पुढे करायला मला आवडत नाही, पण सरकारच्या २००६ च्या धोरणातच आहे की कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, आणि निम्मे तरी गावच्या लोकांच्या सहभागातून व्हावेत. त्याआधी, २००२ पासून, असा रेडिओ फक्त शिक्षणसंस्थांना मिळत होता. २००६ नंतर स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं आणि २००८ मध्ये तेलंगणातल्या पस्तापूरला दलित बायकांनी आपलं केंद्र सुरू केलं. 'आवाज कमावून या' अशी अट त्या बायकांना कुणी घातली असती, तर त्या माइकपर्यंत पोचल्या असत्या का?

बातम्यांचं सांगते. आमच्या बातम्या आम्हाला देता येत नाहीत, परवानगीच नाही. आकाशवाणीची बातमी मात्र जशीच्या तशी किंवा बोलीत उतरवून देता येते. हवामान, परीक्षा, नोकरीच्या जागा, लाईट-पाण्याच्या सूचना, साथीचे इशारे बातमीत धरत नाहीत, ते चालतं. म्हणजे नळाला उद्या पाणी येणार नाही हे मी सांगू शकते. का येणार नाही हे सरपंचांना विचारायला गेले की पंचाईत. आठ-दहा किलोमीटरच्या आतला रेडिओ, टेकडी ओलांडली की नुसती खरखर, तरी गावच्या बातमीला बंदी. हे मलाही पटत नाही. या बाबतीत तुमचा राग माझ्यावर नको, माझ्यासोबत असू द्या.

राहिलं भजन. सिनेमाची गाणी लावायची तर हक्कांचे पैसे भरावे लागतात, ते आमच्याकडे नाहीत. म्हणून गावातल्या मंडळाची खंजिरी भजनं आम्हीच ध्वनिमुद्रित केली. सकाळी सहाला लावतो तेव्हा वेचणीला जाणाऱ्या बाया भाकरी थापत ऐकतात. ढोलकीवाला त्या वेळी गाईचं दूध काढत असतो, त्याला स्वतःचं वाजवणं ऐकायला मिळत नाही. त्यानं सांगितलं म्हणून रात्री आठला परत लावतो. आजही लागेल.