बंदुकीआधी कुंपण

कोकणातल्या नातेवाइकांशी बोलताना रानडुकरांचा विषय हमखास निघतो. भात, नाचणी एका रात्रीत उधळली जाते, तेव्हा ‘मारायची सरसकट परवानगी द्या’ ही मागणी मला रास्तच वाटते. मात्र अलीकडे तिला आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगाचेही कारण जोडलेले ऐकले (स्वाइन फ्लूशी या रोगाचा संबंध नाही आणि तो माणसाला होत नाही), वर ‘तुमच्या जर्मनीत मारतातच ना?’ असा प्रश्नही आला.

मारतात. 2019-20 च्या हंगामात येथे आठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली. तरीही सप्टेंबर 2020 मध्ये पोलंडच्या सीमेलगत, ब्रांडेनबुर्गमध्ये, एका मृत रानडुकरात हा विषाणू सापडला आणि चीनने जर्मनीचे वराहमांस घेणे बंद केले. जून 2024 मध्ये तो आमच्या हेसन राज्यात, फ्रँकफुर्टजवळच्या ग्रोस-गेराऊ जिल्ह्यात आढळला. शेकडो किलोमीटरची अशी मजल रानडुकरांचे कळप मारत नाहीत. खारवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि प्रवाशाने टाकून दिलेला सॉसेजचा तुकडाही त्याला पुरतो.

हेसनमध्ये बाधित भागात सुरुवातीला चक्क शिकारच थांबवली गेली, कारण गोळीबाराने बिथरलेले कळप पांगतात आणि रोग सोबत नेतात. आधी विजेच्या तारांची कुंपणे आली, प्रशिक्षित कुत्र्यांकरवी मृत जनावरे शोधून उचलली गेली, मक्याच्या कापणीपूर्वी शेतावर ड्रोन फिरवून आत रानडुकरे दडलेली नाहीत ना, हे पाहिले गेले. कापणी खोळंबल्याने शेतकरी संतापले, आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. पण कुंपण आधी आणि बंदूक नंतर, याच क्रमाने चेक प्रजासत्ताक व बेल्जियम यांनी आपापल्या पहिल्या साथी संपवल्या होत्या.

भारतात हा रोग 2020 मध्ये आसाम व अरुणाचलात आला. काझीरंगातली रानडुकरे गावच्या डुकरांत मिसळू नयेत म्हणून आसामने तेव्हा चर खोदला, तो मला शहाणपणाचा वाटतो. केरळने मे 2022 मध्ये रानडुकरे मारण्याच्या परवानगीचे अधिकार स्थानिक संस्थांना दिले. जुलैत वायनाडमध्ये रोग सापडला तो पाळीव डुकरांत. पिकांसाठी परवानगी द्यायची तर जरूर द्यावी, पण रोगाचा बंदोबस्त वराहपालकाच्या दारातच करावा लागेल. युरोपीय संघात डुकरांना हॉटेलचे खरकटे घालण्यास बंदी आहे. आपल्याकडे कित्येकांचा धंदाच त्यावर चालतो, म्हणून निदान ते उकळून घालण्याची सक्ती हवी. शिवाय रोगापायी माराव्या लागणाऱ्या डुकरांची भरपाई वेळेवर मिळेल अशी खात्री नसेल, तर डुक्कर आजारी पडल्याचे कळवण्याऐवजी मालक ते त्याच रात्री विकून मोकळा होईल.