गाडी आली

आज दुपारी भाचा सोफ्यावर लोळत मोबाइलवर ‘जुरासिक पार्क’ पाहत होता. पाहत होता असे तरी कसे म्हणावे, कारण डायनोसॉर दिसेपर्यंत तो स्क्रीनवर बोट आपटून दहा-दहा सेकंद पुढे पळत होता. टी-रेक्स या महाकाय डायनोसॉरच्या पावलांनी गाडीच्या डॅशबोर्डवरच्या पेल्यातले पाणी थरथरते, तो प्रसंगही त्याने तसाच उडवला आणि वर मला म्हणाला, “मामा, किती स्लो आहे हा!” तेव्हा मी गप्प बसलो, पण अजून डोके तापलेलेच आहे.

१९९३ चा हा चित्रपट १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला, तेव्हा मी सातवीत होतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फिटर असलेल्या बाबांना इंग्रजी समजत नसे, त्यामुळे हिंदीत आला हे कळताच त्यांनी आपणहून तिकिटे काढली. कोपरीतले आमचे घर रुळांना इतके लागून होते, की मेल धडधडत गेली की तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठत. पडद्यावर तशीच वर्तुळे उठली, सगळे थिएटर चिडीचूप झाले आणि बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, “गाडी आली.” मला हसू आले नाही, कारण त्यांनी माझे मनगट घट्ट आवळले होते.

ती वर्तुळे संगणकाची नव्हेत. डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडली होती. १२७ मिनिटांच्या चित्रपटात डायनोसॉर दिसतात जेमतेम १५ मिनिटे. बाकीचा वेळ दिग्दर्शक स्पिलबर्ग आपल्याला ताटकळत ठेवतो, आणि सगळी गंमत त्या ताटकळण्यातच आहे. स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी बनवलेला पूर्ण आकाराचा यांत्रिक टी-रेक्स कृत्रिम पावसात भिजून जड व्हायचा आणि थरथरू लागायचा, मग त्याला पुसून कोरडा करावा लागे. हे बाबांना सांगायचे राहूनच गेले.

दोष आहेत, मान्य. टी-रेक्स जुरासिक काळातला नव्हे, त्यानंतरच्या क्रिटेशियस काळातला. व्हेलोसिरॅप्टर हा दुसरा शिकारी डायनोसॉर चित्रपटात माणसाएवढा दिसतो, खरा मात्र टर्की पक्ष्याएवढा आणि पिसे असलेला. मला खुपते ते वेगळेच. ज्या कुंपणातून टी-रेक्स सरळ चालत रस्त्यावर येतो, तिथूनच थोड्या वेळाने गाडी खोल खाली कोसळते. बाबांनी घरी परतताना रिक्षात विचारलेच होते, “मघाशी तिथे जमीन होती ना रे?” फिटरची नजर!

पण २०१५ पासूनच्या भागांचे काय करायचे? ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये पर्यटक साध्या डायनोसॉरना कंटाळले म्हणून संकरित प्राणी तयार केला जातो, म्हणजे आपल्याला ताटकळत ठेवण्याची हिंमत उरली नसल्याची कबुली निर्मात्यांनीच कथेत देऊन टाकली. पैसा त्यांनी बक्कळ कमावला, हेही खरे. भाचा याच चित्रपटांवर वाढला, तर त्या पोराला तरी किती बोलायचे?

आता आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो, इथे तांब्यातले पाणी कधीच हलत नाही. रविवारी त्याला पुन्हा बोलावले आहे. चित्रपट टीव्हीवर लावणार आणि रिमोट माझ्या मांडीखाली राहील.