आग्र्यात गाईड घेऊ नका, म्हणे!

सुट्ट्यांची रेल्वे आरक्षणं सुरू झाली की एक मजकूर घरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. थोडक्यात असा: 'दिल्ली-आग्र्याला जाताय? खाजगी गाडी आणि गाईडच्या फंदात पडू नका. सगळे गाईड दुकानदारांचे दलाल असतात. ते सांगतात ते सगळं मोबाईलवर फुकट मिळतं. कारागिरांचे तोडलेले हात, बावीस बंद खोल्या या खऱ्या गोष्टी तर ते सांगतच नाहीत. ताजमहाल दोन तासांत होतो, बाकी आग्र्यात काही नाही. आणि मुघलांच्या थडग्यांशी मराठी माणसाचा संबंध काय? बसने जा, फोटो काढा, पेठा घ्या, परत या.' खाली हात जोडलेली चित्रं आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' ही विनंती.

पोचलं. आता एकेक मुद्दा बघू.

दलालीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो निम्मा खरा आहे. ताजच्या पूर्व दरवाजाकडे शिल्पग्रामच्या पार्किंगमध्ये गाडी थांबायच्या आत खिडकीशी माणसं येतात. 'लाइन बहुत लंबी है, जल्दी करवा दूँगा.' आग्र्यात यांना लपके म्हणतात. तिथली हिंदी वर्तमानपत्रं याच शब्दात त्यांच्या बातम्या छापतात. लपका तुम्हाला ताज घाईघाईने उरकायला लावतो, कारण त्याची खरी कमाई पुढच्या संगमरवराच्या एम्पोरियममध्ये असते. तिथे 'ताजच्या कारागिरांचे वंशज' चाकावर दगड घासून दाखवतात आणि कित्येकदा मऊ सोपस्टोनची ताटली राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराची म्हणून गळ्यात मारतात. (नखाने ओरखडा उठला तर तो संगमरवर नव्हे. दुकानदारासमोर हा प्रयोग जरूर करा.)

पण लपका म्हणजे गाईड नव्हे. परवानाधारक गाईडच्या गळ्यात ओळखपत्र असतं. तो आदल्या दिवशी फोनवर ठरवता येतो, आणि 'दुकानात जायचं नाही, जेवायचं ठिकाण आम्ही ठरवू' हे त्याला आणि गाडीच्या ड्रायव्हरला, दोघांनाही आधीच सांगता येतं. ज्याला ही अट चालत नाही तो फोनवरच कळतो. उलट फॉरवर्डचा सल्ला मानून कुणालाच न ठरवता पोचलेलं कुटुंबच लपक्यांच्या तावडीत सापडतं. उन्हात, अनोळखी गावात, आजीला घेऊन रांग शोधणाऱ्या माणसाला 'जल्दी करवा दूँगा' हे वाक्य फार गोड वाटतं.

आता मोबाईल. माहिती फुकट मिळते हे कबूल. मुमताज 1631च्या जूनमध्ये गेली, काम 1632मध्ये सुरू झालं, सगळा परिसर पुरा व्हायला 1653 उजाडलं, हे शोधायला अर्धं मिनिट लागत नाही. पण चांगला गाईड सनावळ्यांसाठी घ्यायचाच नसतो. तो कुठली वास्तू आधी, कुठली नंतर आणि प्रत्येक ठिकाणी उभं कुठे राहायचं, यासाठी घ्यायचा असतो.

एक उदाहरण देतो. बहुतेक लोक आधी ताज बघतात आणि वेळ उरला तर यमुनेच्या पलीकडे इतमाद-उद-दौलाच्या मकबऱ्याकडे जातात. तिथे 'हा तर लहान ताज' म्हणून दहा मिनिटांत बाहेर. मुळात उलटं जायला हवं. जहांगीरची बेगम नूरजहान हिने वडिलांसाठी, म्हणजे मिर्झा घियास बेगसाठी (इतमाद-उद-दौला ही त्यांचीच पदवी), ही इमारत 1622 ते 1628 या काळात बांधली. तोवर दिल्लीचा हुमायूनचा मकबरा, सिकंदऱ्याचा अकबराचा मकबरा, सगळीकडे मुख्य रंग लाल दगडाचा. इथे पहिल्यांदा सगळं अंग संगमरवराचं झालं आणि त्यात रंगीत दगड कापून बसवलेली परचिनकारी भिंतभर पसरली. सुरया, फळं, सरूची झाडं, इंचभरही मोकळं नाही. अकीकाच्या पाकळीला टॉर्च टेकवला की ती निखाऱ्यासारखी पेटते. हे डोळ्यांत साठवून ताजवर गेलात की तिथला संयम दिसतो: तेच तंत्र, पण फुलांना श्वास घ्यायला जागा ठेवलेली. अवघ्या काही वर्षांत एका घराण्याची दृष्टी कशी बदलली ते पायी चालत कळतं. मोबाईलवर दोन्हींचे फोटो आहेत, पण आधी कुठे जा हे तो सांगत नाही.

ताजमध्येही तेच. मुख्य दरवाजावर कुराणातल्या 'अल-फज्र' या सूऱ्याच्या ओळी आहेत, ज्यांचा शेवट 'माझ्या स्वर्गात ये' असा होतो. वरची अक्षरं खालच्यांपेक्षा मोठी कोरली आहेत, म्हणून खालून सगळी सारखी दिसतात. ती लिहिणाऱ्या अमानत खानाचं नाव आतल्या लेखात आहे. असं सही करण्याचं भाग्य तिथे दुसऱ्या कुणाला मिळालेलं दिसत नाही. आणि हुमायूनचा मकबरा बागेच्या मधोमध असताना ताज मात्र बागेच्या टोकाला, नदीच्या काठावर का? पलीकडच्या मेहताब बागेत 1990च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा तिथे मोठा अष्टकोनी हौद सापडला, ताजचं प्रतिबिंब पडावं असा. म्हणजे बाग नदीच्या दोन्ही तीरांवर होती आणि यमुना त्या रचनेचाच भाग होती. शहाजहान स्वतःसाठी पलीकडे काळा ताज बांधणार होता अशी दंतकथा आहे; त्या 'काळ्या ताज'चा पाया म्हणून लोक जे दाखवत तेही याच बागेतलं. तिथे काळा संगमरवर निघाला नाही, काळवंडलेला पांढरा दगड निघाला.

इथून 'लपवलेल्या खऱ्या गोष्टीं'कडे येऊ.

ताज पुरा झाल्यावर शहाजहानने कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट. एकाही समकालीन बखरीत, फर्मानात किंवा परदेशी प्रवाशाच्या वृत्तांतात तिचा मागमूस नाही. ताजचा मुख्य स्थपती म्हणून ज्याचं नाव येतं तो उस्ताद अहमद लाहौरी पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावर होता. आणि मराठी माणसाला तर पुरावा शोधायला आग्र्यापर्यंत जायचीही गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर स्थपतीचं नाव कोरलंय: अताउल्ला. हा लाहौरीचाच मुलगा. बापाच्या कामगारांचे हात तोडणाऱ्या घराण्यासाठी मुलगा दख्खनेत येऊन तशीच इमारत उभारेल?

बावीस खोल्या म्हणजे नदीच्या बाजूला चबुतऱ्याखाली असलेली तहखान्याची रांग. बादशहा नावेतून यायचा तेव्हा गारव्याला बसायच्या जागा. त्यांत देवळाच्या खुणा दडल्याचा दावा होतो; त्या उघडा म्हणून केलेली याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाने मे 2022मध्ये फेटाळली, आणि पुरातत्त्व खात्याने तिथल्या दुरुस्तीचे फोटोही त्याच सुमारास लोकांसमोर ठेवले. प्लास्टर आणि चुना, दुसरं काही नाही. गाईड हे सांगत नसेल तर त्याचं कारण सांगण्यासारखं काही नाही, एवढंच.

जागा कुणाची होती हे मात्र खरंच ऐकण्यासारखं आहे, आणि तिथेच फॉरवर्डचा सगळ्यात मोठा, 'आपला संबंध काय' हा मुद्दा कोसळतो.

ताजची जमीन आमेरच्या (जयपूरजवळच्या) राजपूत राजघराण्याची होती. अकबराचे सेनापती राजा मानसिंग यांच्या हवेलीची ती जागा त्यांच्या पणतवाकडून घेतली गेली आणि बदल्यात त्याला आग्र्यात चार हवेल्या मिळाल्या. 1633चं तसं फर्मान उपलब्ध आहे. मकराण्याहून संगमरवर आणायला गाड्या आणि दगडफोडे पाठव, असे हुकूमही याच पणतवाला गेले. त्याचं नाव जयसिंग. होय, तेच. 1665मध्ये पुरंदरला वेढा घालून शिवाजी महाराजांशी तह करणारे मिर्झाराजे जयसिंग. आणि पुढच्या वर्षी आग्र्यात महाराजांची जबाबदारी ज्यांच्यावर पडली ते रामसिंग, जयसिंगांचे चिरंजीव.

आता आग्र्याच्या किल्ल्यात चला. अकबराने 1565मध्ये काम सुरू केलं, शहाजहानने आतले संगमरवरी महाल घातले, आणि त्यातल्याच मुसम्मन बुर्जाच्या (अष्टकोनी बुरुजाच्या) परिसरात मुलाने, औरंगजेबाने, त्याला 1658पासून कैदेत ठेवलं. 1666च्या जानेवारीत तो तिथेच वारला. बाप असेपर्यंत औरंगजेबाने आग्र्यात दरबार भरवला नव्हता. तो गेल्यावर दरबार इथे आला आणि त्याच वर्षी 12 मे रोजी, बादशहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात, शिवाजी महाराज त्याच्यासमोर उभे राहिले. रामसिंगांच्या माणसांनी आमेरला लिहिलेल्या पत्रांनुसार ही भेट दिवाण-ए-खासमध्ये झाली. मुसम्मन बुर्ज तिथून अगदी लागून आहे. बापाची कैद आणि महाराजांचा बाणेदारपणा, मधे जेमतेम चार महिने आणि थोडीशी फरसबंदी. हे कुणी जागेवर उभं करून सांगितलं तर अंगावर काटा येतो. न सांगता फिरलात तर तिथून ताजचा फोटो छान येतो एवढंच कळतं.

इथे गाईडांचीही कानउघाडणी करायला हवी. मराठी पर्यटक दिसले की काहीजण किल्ल्यातली एखादी अंधारी खोली दाखवून 'यहीं रखा था शिवाजी महाराज को' म्हणतात. महाराज किल्ल्यात कधीच कैद नव्हते. ते किल्ल्याबाहेर रामसिंगांच्या तळाशेजारी होते, भोवती शहर कोतवाल फौलादखानाच्या चौक्या, आणि सुटका झाली ती तिथून.

संबंध तिथेच संपत नाही. 1785मध्ये महादजी शिंद्यांनी आग्रा घेतलं आणि 1803मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने ते जिंकेपर्यंत किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता. त्यांच्या चाकरीतला डच सरदार जॉन हेसिंग किल्ल्याचा अंमलदार असताना त्याच वर्षी वारला. त्याच्या बायकोने रोमन कॅथलिक दफनभूमीत त्याच्यासाठी लाल दगडात छोटा ताजच बांधला. मराठ्यांच्या पगारावर जगलेल्या माणसाचा हा मकबरा बघायला आपल्यातलं जवळजवळ कुणीच जात नाही, कारण बसवाल्यांच्या यादीत तो नाही. खाजगी गाडी असेल तर पाऊण तास काढता येतो. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी फत्तेपूर सिक्रीला बुलंद दरवाजावरचा फारसी लेख वाचून घ्या. त्यात अकबराने दख्खनची मोहीम नोंदवली आहे आणि 'पूर्वी खानदेश म्हणत तो दानदेश' जिंकल्याचं लिहिलंय. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल याच्या नावावरून केलेलं ते नामकरण काही टिकलं नाही. धुळे-जळगावच्या वाचकांनी त्या दरवाजाखाली जरा छाती काढून उभं राहायला हरकत नाही.

'दोन तासांत होतो' यावर फार बोलायला नको. ताजच्या तिकिटाची मुदतच तीन तासांची आहे आणि सुरक्षेच्या रांगेत त्यातला चांगला भाग जातो.

राहिला खर्च. भारतीयांना ताजचं प्रवेश तिकीट 50 रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचं तर वर 200. पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. हे बसने गेलात तरी भरायचंच. गाईड आणि गाडीचा दर माणशी नसतो, म्हणून पाच जणांच्या कुटुंबात तो वाटला जातो. एकट्याने किंवा जोडीने जाणाऱ्याला महाग पडतो, हे मान्य. त्यांनी निदान गाईडपुरतं दुसऱ्या कुटुंबाशी जमवून घ्यावं. बसची सहल स्वस्त पडते, पण तिच्यात येताना-जाताना मथुरा-वृंदावन कोंबलेलं असतं, बहुतेकदा ताजवर पोचायला डोक्यावर सूर्य येतो आणि इतमाद-उद-दौला यादीतून गळतो. खाजगी सहलवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. दिल्लीहून एका दिवसात ताज, किल्ला, सिक्री आणि सिकंदरा असं पॅकेज विकणाऱ्याला सरळ नाही म्हणा, तो तुम्हाला मुख्यतः काचेबाहेरचा रस्ता दाखवणार.

एकच दिवस असेल तर दिल्लीहून सकाळच्या गतिमान एक्स्प्रेसने आग्रा कँटला उतरा. ही गाडी शुक्रवारी नसते आणि शुक्रवारी ताजही बंद असतो. आधी इतमाद-उद-दौला, जेवण, मग किल्ला, आणि उन्हं कलल्यावर ताज. गाईडचे पैसे दिवस संपल्यावर थेट त्याच्या हातात द्या. आणि ठरवण्याआधी फोनवर त्याला एक प्रश्न विचारा: 'कारागिरांचे हात खरंच तोडले होते का?' उत्साहाने 'हाँ जी, बीस हज़ार के!' असं उत्तर आलं, तर आभार मानून दुसरा नंबर लावा.