लाइव्ह लोड

"त्या लाइव्ह लोडला आधी खाली घ्या!" असं परवा कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

घरामागे एक खोली वाढवायला काढली आहे. सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर, सळयांची जाळी बांधून झाली होती, म्हणून मी शिडीने वर जाऊन माझ्याच पैशांचं लोखंड बघत उभा होतो. एवढाच माझा गुन्हा. खाली उतरल्यावर मला समजावण्यात आलं की भिंती, स्लॅब, फरशी हा बांधकामाचा स्वतःचा भार म्हणजे डेड लोड. आणि जे येतं-जातं, सरकतं, ते लाइव्ह लोड. माणसं, कपाटं, पलंग वगैरे. राहत्या खोलीसाठी तो दर चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो धरतात. म्हणजे घर ज्याच्या नावावर, त्याची नोंद कपाटाच्या शेजारी. सांगणाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "आपण दोनशेच धरू," अशी पुस्ती जोडली.

सांगणारे म्हणजे काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत वर्तमानपत्र. सकाळी यायचं, एक घमेलं उपडं घालायचं, त्यावर वर्तमानपत्र अंथरून बसायचं आणि दिवसभर शब्द पुरवायचे. घमेलं एक कमी पडतंय म्हणून बिगारी कुरकुरायचे, पण काकांना उठ म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी त्यांना ठेकेदाराचे कुणी वडीलधारे समजत होतो. बायको त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेचे इंजिनिअर समजत होती आणि त्या भीतीने रोज खुर्ची नेऊन देत होती. ते खुर्चीवर छत्री ठेवत.

दारावरच्या लिंटेलचा, म्हणजे काँक्रीटच्या आडव्या तुळईचा, साचा काढला तेव्हाची गोष्ट. खालच्या अंगाला खडी उघडी पडलेली, मध्ये बोट जाईल अशा पोकळ्या आणि एका जागी चक्क सळई डोकावतेय. मी ठेकेदाराला विचारलं, "हे काय आहे?"

ठेकेदाराने तोंड उघडायच्या आत घमेल्यावरून उत्तर आलं, "हनीकोम्बिंग."

"म्हणजे?"

"मधाचं पोळं. दिसतंय ना तसंच?"

"दिसतंय हो. पण झालं कशामुळे?"

"माल नीट ठासला नाही, वायब्रेटर धड फिरवला नाही, की खडीच्या फटींत सिमेंट-वाळू उतरत नाही. पोकळी राहते. तिला हनीकोम्बिंग म्हणायचं."

"मग आता काय करायचं?"

"आता काय करणार? झालं ना ते."

ठेकेदाराने इतक्या समाधानाने मान हलवली, की जणू लिंटेलचं आत्ताच बारसं झालं.

त्या दिवशी मला या धंद्याची मेख कळली. मी कामाला नावं ठेवायला जातो आणि ही मंडळी माझ्या आधीच नाव ठेवून मोकळी होतात. भिंतीवर पांढरी पूड उमटली? तो लोणा, विटांमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं, क्षार राहतात. बारीक भेगा? हेअर क्रॅक. काल भरलेल्या काँक्रीटला आज चिकटून भरलं आणि मध्ये रेघ दिसली? कोल्ड जॉइंट. सगळी कारणं बरोबर असतात, हेच तर दुखणं आहे. कारण बरोबर असलं की पुढे कुणी काही करायचं नसतं, असा इथला नियम दिसतो. दवाखान्यात निदान नाव सांगून झाल्यावर गोळी तरी देतात.

आणि एखादं काम खरंच करायचं असलं, तर त्याचं नाव क्युरिंग असतं व ते मालकाने करायचं असतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होऊन होतं. म्हणून पहिले निदान ७ दिवस ते ओलं ठेवायचं. ताकद मोजतात ती २८ दिवसांची. शास्त्र मला मान्य आहे. पण पहाटे पाइप धरून भिंतीला अंघोळ घालणारा माणूस मीच का, याचं शास्त्र काकांकडेही नव्हतं. "मालकाच्या हाताने क्युरिंग चांगलं होतं," एवढंच ते म्हणाले.

काकांचं एक मात्र मानावं लागेल. छज्जा भरायच्या वेळी ते घमेल्यावरून पहिल्यांदाच उठले. छज्जा एका बाजूने भिंतीत धरलेला आणि दुसरीकडे अधांतरी. ताण येतो तो वरच्या अंगाला, म्हणून मुख्य सळया वर हव्यात. बिगाऱ्यांनी त्यांच्यावर पाय देऊन त्या पार तळाशी बसवल्या होत्या. काकांनी त्या उचलून घेतल्या, खाली ठोकळे लावून घेतले आणि मगच माल पडू दिला. संपूर्ण बांधकामात देखरेख म्हणावी अशी ती एवढीच.

मी भारावून ठेकेदाराला म्हटलं, "तुमचे काका जाणकार आहेत हो."

"माझे?" तो दचकला. "मला वाटलं साहेब, तुमचे सासरे!"

काका कुणाचे, याचा शोध अजून लागलेला नाही. विचारायला गेलो तेव्हा घमेलं सुलटं झालेलं होतं.

मग आलं पहिलं बिल. त्यात एक आयटम होता 'परांची'. उंच भिंत बांधायला गवंडी ज्यावर उभे राहतात ती बांबू-फळ्यांची मांडणी म्हणजे परांची. आमच्याकडे त्या जागी होतं आमचं जेवायचं टेबल आणि वर आमचीच फळी. म्हणजे माझ्याच टेबलाचं भाडं मीच भरायचं! शिवाय टेबल परत आलं ते डुगडुगत. ठेकेदाराला दाखवलं, तर तोही एव्हाना तयार झाला होता. "डिफरन्शियल सेटलमेंट," तो म्हणाला. पाया एका बाजूला जास्त खचणे.

हा आजार मला ठाऊक आहे. पिसाचा मनोरा ११७३ साली सुरू झाला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत येतोय तोच कलायला लागला, कारण खालची माती मऊ. पुढे लढायांमुळे काम दीर्घकाळ बंद पडलं, तेवढ्यात माती दबून घट्ट झाली आणि म्हणून मनोरा टिकला, असं तज्ज्ञ सांगतात. हे मी ठेकेदाराला सांगितलेलं नाही. काम बंद ठेवणं इमारतीच्या हिताचं असतं, हे त्याला कळलं तर स्लॅब कधीच पडायचा नाही.

सध्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. परांची बिलातून काढा म्हणून मी रोज फोन करतो. काल तो म्हणाला, बिलात घेतलेली परांची काढायची, तर ती उतरवण्याची मजुरी वेगळी पडेल.