‘विद्यापीठांनी चारच विषय धरावेत’ म्हणणाऱ्यांना उत्तर

विद्यापीठांतल्या इंजिनिअरिंग संशोधनावर एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द बदलतात, सांगणं तेच. खरे शोध कंपन्यांत लागतात. विद्यापीठातल्या एकेका विभागानं काँक्रीटपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यात हात घातलेला असतो, म्हणून कशातच खोली नाही. पाच वर्षांत बाजारात काही आलं नाही तर पैसे थांबवावेत. नाहीतरी बाहेर पडतात ते नुसते पेपर. आणि शेवटी उपाय: चार ‘कामाचे’ विषय निवडा, बाकीच्या प्रयोगशाळांना कुलूप लावा.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत इंजिनिअरच जास्त दिसतात, आणि त्यांचा राग सगळाच खोटा नाही. पण रागाचं कारण एक आणि सुचवलेला उपाय भलताच, असं झालं आहे. मुद्दे त्यांच्याच क्रमानं घेतो.

“खरे शोध कंपन्यांत लागतात.”

काही लागतात, आणि मोठे लागतात. ट्रान्झिस्टर १९४७ साली बेल लॅब्जमध्ये झाला. पहिला सीटी स्कॅनर ईएमआय कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवला. चॅटजीपीटीसारख्या आजच्या भाषा-मॉडेलांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर नावाची रचना २०१७ साली गूगलमधल्या लोकांनी मांडली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बेल लॅब्जचा दाखला देणारे एक गोष्ट गाळतात. तिची मालक एटी अँड टी ही टेलिफोनची सरकारमान्य मक्तेदार कंपनी होती. डोक्यावर स्पर्धक नव्हता, त्यामुळे वीस वर्षांनी फळ देईल अशा कामावर माणूस बसवणं तिला परवडायचं. १९८४ साली ती मक्तेदारी मोडली. कंपन्यांनी बेल लॅब्जसारखं वागावं असं म्हणायचं असेल तर आधी त्यांना तशी मक्तेदारी द्यावी लागेल.

शिवाय ज्यानं वस्तू विकली त्यानंच ती शोधली, असा हिशोब या मुद्द्यात गृहीत आहे. मोबाइलमधल्या चिपचा ट्रान्झिस्टर बघा. पूर्वी तो सपाट असायचा. मग सिलिकॉनची पातळ भिंत उभी करून गेटनं, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या भागानं, तिला तीन बाजूंनी धरायची युक्ती आली, आणि ट्रान्झिस्टर आणखी लहान केला तरी बंद असताना होणारी विजेची गळती आटोक्यात राहू लागली. हा फिनफेट. १९९०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चेनमिंग हू यांच्या गटानं तो करून दाखवला, इंटेलनं आपल्या उत्पादनात आणतोय असं २०११ साली जाहीर केलं. त्या बर्कलीच्या गटात हिताची कंपनीतून आलेले हिसामोतो होते, आणि त्यांनी जपानमध्ये १९८९ सालीच अशा उभ्या ट्रान्झिस्टरवर काम केलं होतं. म्हणजे कल्पना कंपनीतून विद्यापीठात आली, तिथे वाढली आणि दुसऱ्या कंपनीत गेली. यातला ‘खरा’ शोध कुणाचा हे ठरवत बसणाऱ्याला शुभेच्छा.

लिथियम-आयन बॅटरीचीही कथा अशीच. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये सुरुवात केली, पुढे कंपनीनं ते काम गुंडाळलं. जॉन गुडइनफ यांच्या गटानं ऑक्सफर्डमध्ये १९८० साली कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (बॅटरीचं धन टोक) दाखवला. अकिरा योशिनो यांनी आसाही कासेई कंपनीत त्यावरून सुरक्षित बॅटरी घडवली आणि १९९१ साली सोनीनं ती बाजारात आणली. नोबेल २०१९ मध्ये तिघांना मिळून मिळालं.

“सगळ्यात हात, कशातच खोली नाही.”

हा मुद्दा सगळ्यांत पटकन पटतो आणि माझ्या मते सगळ्यांत चुकीचा आहे. यात माणूस आणि संस्था यांची गल्लत आहे. काँक्रीटच्या भेगांवर काम करणाऱ्या बाई आणि कॅन्सरच्या औषधाचे कण बनवणारे गृहस्थ एकाच इमारतीत बसतात, म्हणून दोघांचं ज्ञान अर्धं होत नाही. उलट एकेक संशोधक आपल्या कोपऱ्यात इतका खोल उतरलेला असतो की शेजारच्या खोलीतल्याला त्याचं काम समजावून घ्यायला आठवडा लागावा. विस्तार असतो तो संस्थेचा. त्याचा फायदा असा की एका प्रश्नासाठी घडवलेलं हत्यार दुसऱ्याच प्रश्नाला चालतं, आणि ते चालेल हे ओळखायला त्या दुसऱ्या प्रश्नात बुडालेलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावं लागतं.

रे क्लफ हे बर्कलीतले स्थापत्य अभियंते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते उन्हाळ्यात बोइंगमध्ये काम करायला गेले. विमानाचा रुंद, त्रिकोणी डेल्टा पंख भाराखाली किती वाकेल, कसा थरथरेल हे तिथे काढायचं होतं, आणि तुळईचं नेहमीचं गणित त्या आकाराला लागू पडत नव्हतं. मग पंखाचे लहान लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचा ताठरपणा काढायचा, ते सगळे सांध्यांवर जोडायचे आणि समीकरणांचा तो गठ्ठा संगणकाला सोडवायला द्यायचा, ही रीत तिथे आकाराला आली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा पेपर १९५६ साली छापून आला. क्लफ यांनी १९६० मध्ये या रीतीला फायनाइट एलिमेंट मेथड हे नाव दिलं. त्यांचा मूळ विषय स्थापत्य, त्यामुळे पंखाचं गणित त्यांनी आणि एडवर्ड विल्सन यांनी थेट धरणाला लावलं. आर्कान्सातल्या नॉरफोर्क या काँक्रीटच्या धरणाला भेग गेली होती, तिच्याभोवतीचे ताण त्यांनी काढले. पुढे हीच रीत उष्णतेच्या वहनाला आणि जमिनीखालच्या पाण्याला लागली, १९७०च्या दशकात हाडांना लागली. कृत्रिम खुब्याचा सांधा किती भार सोसेल हे आज ज्या सॉफ्टवेअरवर तपासतात त्याची वंशावळ विमानाच्या पंखापर्यंत जाते.

या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि मला तेच जास्त बोलकं वाटतं. रिचर्ड कुरांत या गणितज्ञानं तुकड्यांची हीच मूळ कल्पना १९४३ साली छापली होती. ती इंजिनिअरांपर्यंत पोचली नाही, म्हणून त्यांनी ती दहा-बारा वर्षांनी नव्यानं शोधली. शेजारी नसले की असं होतं.

दुसरं उदाहरण डोळ्यांच्या दवाखान्यातलं. डोळ्याच्या पडद्याचे थर न कापता दाखवणारं ओसीटी यंत्र १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून आलं. जेम्स फुजिमोटो अतिशीघ्र लेझरवर काम करत होते, एरिक स्वॉन्सन यांचा अनुभव उपग्रहांमधल्या प्रकाश-संदेशवहनाचा होता, डेव्हिड हुआंग वैद्यकशास्त्र आणि इंजिनिअरिंग दोन्ही शिकणारे विद्यार्थी होते, आणि बरोबर डोळ्यांचे डॉक्टर होते. यातल्या कुणालाही ‘कामाचा विषय नाही’ म्हणून आधीच घरी पाठवलं असतं तर बाकीच्यांना ते जमलं नसतं. रॉबर्ट लँगर हे केमिकल इंजिनिअर १९७०च्या दशकात तेल कंपन्यांच्या नोकऱ्या नाकारून लहान मुलांच्या हॉस्पिटलात शल्यविशारद जूडा फोकमन यांच्याकडे गेले, आणि मोठे रेणू पॉलिमरमधून हळूहळू सोडता येतात हे १९७६ मध्ये दोघांनी दाखवलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स हे जीवाणूशास्त्रज्ञ चक्क स्थापत्य विभागात बसून काँक्रीट करतात. त्यात जीवाणूंचे बीजाणू मिसळलेले असतात. भेगेतून पाणी शिरलं की ते जागे होतात आणि चुनखडी तयार करून भेग बुजवतात.

“पाच वर्षांत उत्पादन नाही, तर पैसे बंद.”

पाच हा आकडा कुठून आला हे कुणी सांगत नाही. रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० साली एमआयटीत प्रबंध लिहिला. गोंगाटातून आलेला संदेश चुका दुरुस्त करून अचूक कसा वाचायचा, यासाठी त्यांनी एलडीपीसी नावाचे कोड मांडले. गोंगाटातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येते याची मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घालून दिली होती, तिच्या जवळ जाणारे हे कोड होते. पण ते उलगडायला लागणारी आकडेमोड तेव्हाच्या यंत्रांच्या आवाक्यात नव्हती. प्रबंध पडून राहिला, पाच वर्षं नव्हे, तीसहून अधिक. १९९०च्या दशकात केंब्रिजमधले डेव्हिड मॅके आणि त्यांचे सहकारी रॅडफर्ड नील आपल्या वाटेनं त्याच ठिकाणी पोचले, आणि मग लक्षात आलं की गॅलागर इथे आधीच येऊन गेले आहेत. आज ५जीमधला डेटा एलडीपीसी कोडांतून जातो.

आणि ५जीचे नियंत्रण-संदेश? ते पोलर कोडांतून जातात. अंकारातल्या बिलकेंत विद्यापीठात एर्दाल आरिकान यांनी ते शोधले, २००९ मध्ये प्रसिद्ध केले. शॅननची मर्यादा गाठतात हे गणितानं सिद्ध करता येईल, आणि तरी उलगडायला परवडतील असे हे पहिले कोड. आरिकान यांची डॉक्टरेट गॅलागर यांच्याच हाताखालची. इथे सात वर्षांत, २०१६ साली, कोड ५जीच्या मानकात निवडले गेले. एकाच विषयात, गुरूच्या कामाला अर्धं शतक आणि शिष्याच्या कामाला सात वर्षं. आधी मुदत ठरवायची तर यातली कुठली धरायची?

सौरऊर्जेतही हेच. आज ज्याला पर्क म्हणतात तो सौरघट मार्टिन ग्रीन आणि अँड्र्यू ब्लेकर्स यांच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या गटाचा, १९८०च्या दशकातला. कारखान्यांनी तो मोठ्या प्रमाणावर उचलला २०१०च्या दशकात.

इथे विद्यापीठांची बाजू घेणाऱ्यांनाही गप्प करणारं एक उदाहरण आहे, आणि ते झाकून ठेवणं बरं नाही. कातालिन कारिको पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवर, काम करत होत्या. अनुदानं मिळेनात, म्हणून १९९५ मध्ये विद्यापीठानं त्यांची पदावनती केली. ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबरचा त्यांचा निर्णायक पेपर २००५चा, त्यावर उभ्या राहिलेल्या कोविडच्या लशी २०२० मधल्या, नोबेल २०२३चं. विद्यापीठ चुकलंच. पण ते कुठल्या मापानं चुकलं ते पाहा: ठरावीक मुदतीत पैसे आणून दाखवा, नाहीतर खाली उतरा. फिरणारा मजकूर हेच माप सगळीकडे लावा म्हणतो.

“नुसते पेपर निघतात.”

हो, फार निघतात, आणि बरेचसे वाचण्यालायक नसतात. संख्या मोजून बढती देणाऱ्या समित्यांनी हे ओढवून घेतलं आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं हा उघड धंदा झाला आहे. यावर माझा वाद नाही. पण आजार मोजणीचा आहे. विषय चारवर आणले तरी मोजणी तीच राहिली तर त्याच चार विषयांत दुप्पट पेपर निघतील, एवढंच. आणि पेपर हाच तर बाहेर जाण्याचा मार्ग आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांचा १९६०चा पेपर जेमतेम पाच पानांचा. त्यातल्या गणितावर व्हॉयेजर यानाचे फोटो आले, सीडीवरचे ओरखडे भरून निघाले, आणि कोपरा फाटलेला क्यूआर कोडही वाचला जातो.

बर्कलीनं दुसराही मार्ग दाखवला. सर्किट बनवण्याआधी संगणकावर तपासणारी स्पाइस ही प्रणाली लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पीडरसन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे केली आणि मागेल त्याला दिली. चिप-डिझाइनच्या क्षेत्रात तिचे वंशज आजही रोज चालतात. कारखान्यानं ‘उत्पादन’ म्हणून विकलेली ही वस्तू नव्हती, त्यामुळे मजकुराच्या हिशोबात तिची नोंद शून्य.

“चार कामाचे विषय निवडा.”

हा प्रयोग होऊन गेला आहे. १९७३ साली ब्रिटनच्या विज्ञान संशोधन परिषदेसाठी सर जेम्स लाइटहिल यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावर अहवाल दिला. लाइटहिल लहान माणूस नव्हते. जेट इंजिनाच्या आवाजाचा सिद्धांत त्यांचा, मासे कसे पोहतात याचं गणितही त्यांचं. विषयांच्या कुंपणावरून उड्या मारण्यात त्यांनी स्वतः हयात घालवली होती. त्यांनी क्षेत्राचे तीन भाग केले. कारखान्यातल्या यंत्रांचं स्वयंचलन, ते कामाचं. मेंदू आणि मज्जासंस्थेचा संगणकाच्या मदतीनं अभ्यास, तोही कामाचा. आणि या दोहोंना जोडू पाहणारा मधला भाग, ज्याला त्यांनी पूल म्हटलं, त्यात मात्र त्यांना दम दिसला नाही. त्या वेळच्या मोठमोठ्या आश्वासनांवरची त्यांची टीका बरीचशी बरोबरही होती. अहवालानंतर ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत या कामाचे पैसे आटले.

याच वर्षांत एडिनबरात जेफ्री हिंटन हा विद्यार्थी न्यूरल नेटवर्कवर डॉक्टरेट करत होता. मेंदूकडून उचललेली कल्पना यंत्राला लावायची, म्हणजे बरोबर त्या पुलावरचं काम. डॉक्टरेटनंतर त्यांना ब्रिटनमध्ये पैसे मिळेनात, ते कॅलिफोर्नियाला गेले आणि १९८७ मध्ये टोरोंटो विद्यापीठात. पुढची कित्येक वर्षं हा विषय फॅशनबाहेरच होता, टोरोंटोनं तरी त्यांना राहू दिलं. २०१२ साली त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी, अलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर यांनी, व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या दोन ग्राफिक्स कार्डांवर एक न्यूरल नेटवर्क शिकवलं आणि चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं. पुढच्या वर्षी गूगलनं त्या तिघांची चिमुकली कंपनी विकत घेतली.